कान कुणासारखे होते

बकुळा गेल्यावर तिची ट्रंक मी कितीतरी महिने उघडली नाही. उघडली ती चांगुणा सिस्टरांच्या निरोपामुळे. उल्हासनगरला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, तिथे त्या लहान बाळांच्या वॉर्डात होत्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, वजनाला फार कमी असलेली बाळं तिथे काचेच्या पेटीत ठेवायचे, म्हणून सगळे त्याला पेटीचा वॉर्डच म्हणायचे. सिस्टरांनी आमच्या चाळीतल्या एका बाईजवळ सांगून पाठवलं होतं की वहिनींनी शिवलेली टोपडी घरात पडून असतील तर आणून द्या, इथली संपली.

टोपडी होती. ट्रंकेत वरच, धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेली. बकुळा ती स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची शिवायची. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावतात, आणि पेटीतल्या बाळाला तर नवं कापड टोचतं. मापाला घरात बाळ नव्हतं. म्हणून ती चहाचा स्टीलचा पेला उपडा घालायची आणि त्याच्यावर कापड बसवून बघायची. शिवून झालं की टोपडं पेल्यावर घालून खिडकीत ठेवायची आणि जरा लांब जाऊन बघायची. मी चेष्टा करायचो, पेल्याला थंडी वाजते का म्हणून. ती म्हणायची, तुम्ही चहा दुसऱ्या पेल्यातून प्या, तुम्हाला काय करायचंय.

आधी आमच्या मुलाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

१९८५ साली बकुळा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मी तेव्हा अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो, अजूनही तिथेच आहे. घराजवळच्या प्रसूतिगृहात मुलगा झाला. डॉक्टरांनी त्याला कापसात गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आमच्याकडे पेटी नाही, उल्हासनगरला घेऊन जा. मी आणि माझा मेव्हणा रिक्षात बसलो. रिक्षावाला सिंधी होता. बाळ दचकेल म्हणून त्याने वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही, नुसता तोंडाने 'साइड, साइड' करत गेला. माझ्या मांडीवर नुसता कापूस होता. कापूस बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही.

इकडे बकुळाला ताप भरला होता. तिला हलवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. पण खरं तर तिला नेण्याची कुणाला घाईच वाटली नाही. माझी आई म्हणाली, सातव्याचं आहे, सातव्याचं जगतं. बकुळाची आईही तेच म्हणाली. चाळीतल्या बायका, प्रसूतिगृहातली आया, सगळ्या तेच म्हणाल्या. आठव्याचं असतं तर काळजी होती. सातव्याचं आहे, होईल मोठं, बारशाला आणू घरी, मग बघ म्हणावं पोटभर. मलाही ते पटलं. न पटायला काय होतं? सगळ्या बाळंतपणं केलेल्या बायका सांगत होत्या.

मुलगा बारशापर्यंत राहिला नाही. मी आणि मेव्हण्याने त्याला पुरला. बकुळाने त्याला कधीच बघितला नाही.

मीसुद्धा एकदाच नीट बघितला होता, काचेतून, मिनिटभर. मग तिने मला विचारायला सुरुवात केली. रंग कसा होता? हात कसे होते? नखं होती का? मी सांगायचो. मूठ मिटलेली होती, तळवे लाल होते, खांद्यावर लव होती. तिचं ऐकून झालं की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा विचारायची. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. वर्षं गेली, तरी ती भाजी निवडताना, अंथरूण घालताना मध्येच विचारायची. माझ्याजवळ मिनिटभराचा ऐवज, तो मी किती वेळा देणार? मागच्या हिवाळ्यात तिच्या किडन्या गेल्या. शेवटी शेवटी ती फारशी बोलत नव्हती. एकदा डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "अहो, कान कुणासारखे होते?"

त्याच्या डोक्याला कापूस गुंडाळलेला होता. कान मला दिसलेच नव्हते.

मी म्हटलं, "तुझ्यासारखे."

ती हसली. तिचे कान तिला आवडायचे नाहीत, बाहेर आलेले होते. "अरे देवा," म्हणाली, आणि झोपली.

मुलगा गेल्यावर वर्षभराने ती एकदा एकटीच उल्हासनगरला जाऊन आली होती, तो कुठे ठेवला होता ती जागा बघायला. तिथे बाकावर कुणीतरी बाई रडत बसलेली, ही तिच्या शेजारी बसली. पुढे दर गुरुवारी जाऊ लागली, कारण गुरुवारी आमच्याकडे नळाला पाणी लवकर यायचं आणि कामं आटपायची. डब्यात अळिवाची खीर न्यायची, टोपडी न्यायची. काय करतेस तिथे, असं मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, त्यांना आत पाठवते. नव्या बाळंतिणी पेटीजवळ जायला घाबरतात. ही त्यांना सांगायची, जा, हात धू, बोट लाव, नावाने हाक मार. रडायचं असेल तर हात धुवायच्या आधी रडून घे, नाहीतर परत धुवावे लागतात.

तर १९९४च्या उन्हाळ्यात, शुक्रवारी माझी सुट्टी असते तेव्हा, मी टोपड्यांची पिशवी घेऊन गेलो. बकुळा होती तेव्हा मी एखाद्या रजेच्या गुरुवारी फार तर हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तिला सोडायला जायचो. मुलगा गेल्यापासून जिना चढलो नव्हतो.

चांगुणा सिस्टरांनी एक टोपडं स्वतःच्या मुठीवर चढवून बघितलं आणि खूश झाल्या. मी पेट्यांकडे बघत उभा होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, यांचं हीटर किती वॉटचं असतं?

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "इथे पुरुष दोनच जातीचे येतात. एक खाली जाऊन बिड्या ओढतात, दुसरे मशीनची चौकशी करतात. बाळाला बघणारा अजून जन्माला यायचाय."

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की बाहेर बाकावर एक पोरगा बसलाय. त्याची मुलगी आत आहे. तो रोज येतो, औषधं आणून देतो आणि बसून राहतो, पण आत येत नाही. मुलीच्या आईने तर तिला अजून बघितलेलंच नाही. मुलीच्या छातीत बिघाड झालाय आणि डॉक्टरांना काही खरं दिसत नाही. "आई यायची असेल तर आज-उद्या आली पाहिजे. मी सांगून थकले. वहिनी असत्या तर एव्हाना दोघांना हाताला धरून आत आणलं असतं."

मी म्हटलं, मला तसं बोलता येत नाही.

"त्यांना तरी कुठे यायचं? शेजारी बसायच्या. बसता येतं ना?"

मी जाऊन बसलो. मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. मांडीवर डबा होता, तो उघडलेला नव्हता. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो. मग त्यानेच विचारलं, "तुमचं पण आत आहे, काका?"

"होतं," मी म्हटलं.

तो जरा सरकला. बाकावर जागा पुष्कळ होती, तरी सरकला.

त्याचं नाव जयदेव. बदलापूरजवळ सोनिवलीचा. वडील नाहीत. घरी आई बनूबाई आणि बायको कुंदा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होता. कुंदाला माहेरी पाठवायची तयारी चालली होती, तेवढ्यात दुखायला लागलं आणि आठव्या महिन्यातच मुलगी झाली. आई म्हणाली, आठव्याचं राहत नाही. तोंड बघू नका, माया लागते. कुंदाला घरी नेली आणि दूध आटावं म्हणून तिच्या छातीला पट्टा बांधला. जयदेवकडूनही आईने शब्द घेतला होता की औषधपाणी कर, पण आत जाऊ नकोस.

"सिस्टर दूध आणा, दूध आणा बोलतात," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मला समजलंच नाही. मी डेअरीतून पिशवी घेऊन आलो."

"मग?"

"मग काय, त्या बोलल्या, आता चहा पण कर सगळ्यांना." तो हसला आणि लगेच थांबला. "आईच्या दुधाचं बोलत होत्या. आता ते घरी कसं बोलणार, काका? टेन्शन येतं."

मी पिशवीतून एक टोपडं काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुझ्या मुलीसाठी, माझ्या मिसेसनी शिवलंय. त्याने ते अंगठ्यावर घातलं. अंगठा आत हरवून गेला. मग सिस्टरांनी केलं होतं तसं मुठीवर चढवलं. बरोबर बसलं.

"एवढी मोठी आहे?" तो म्हणाला.

त्याने मुलगी केवढी असेल असं धरलं होतं कुणास ठाऊक. तो मुठीकडे बघत राहिला. टोपड्यावर जुन्या साडीची बारीक फुलं होती. मी त्याला सिस्टरांचा निरोप सांगितला, की बायकोला आणायची असेल तर आज-उद्या. त्याने मान खाली घातली. मी सांगून आई ऐकायची नाही, म्हणाला. मग जरा वेळाने, "तुम्ही याल का? वडीलधाऱ्या माणसाचं ऐकते ती."

मला नाही म्हणायचं होतं. बाळंतिणीच्या घरी जाऊन परक्या माणसाने काय बोलायचं? पण मी उठलो. रिकाम्या घरात परत जायचा कंटाळाही असेल, खोटं कशाला सांगू.

बदलापूरला उतरून आम्ही रिक्षाने सोनिवलीला गेलो. नव्या बिल्डिंगी उठत होत्या. जयदेवचं घर अजून कौलारूच होतं आणि शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. अंगणात बनूबाईने बोंबील वाळत घातले होते आणि ओटीवर बसून काठीने कावळे हाकत होती. ओटीवरून आत जायचं दार अर्धं उघडं होतं आणि त्याला पडदा लावलेला होता. पडद्याच्या आड खाट करकरली, म्हणजे कुंदा तिथेच होती.

जयदेवने माझी ओळख करून दिली. हॉस्पिटलातले काका, एवढंच म्हणाला. बनूबाईने मला पाणी दिलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"काय, गेली काय?" तिने विचारलं.

"नाही, आहे," मी म्हटलं. "तुमच्या सुनेला न्यायला आलोय."

काठी उचलून तिने कावळा हाकला. मग सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. पोरगी आठव्याची हाय. आठव्याचं कुणाचं राहिलेलं तिने ऐकलं नव्हतं. सुनेचं वय लहान, पुन्हा होतील. बघितलं नाही तर विसरेल, बघितलं तर धरून बसेल. तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेतातलं काहीतरी समजावून सांगावं तसं सांगत होती.

मी म्हटलं, "आमचं सातव्याचं होतं."

"मग जगला आसंल. सातव्याचं जगतं."

"सगळे तेच म्हणाले. म्हणून कुणी घाई केली नाही. बारशाला बघेल म्हणाले. तो बारशापर्यंत थांबला नाही."

काठी तिच्या हातात तशीच राहिली. मी पुढे सांगितलं, जेवढं मला सांगता आलं तेवढं. माझी बायको नऊ वर्षं मला विचारत होती तो कसा होता म्हणून. भाजी निवडताना विचारायची. मरायला टेकली तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, "न बघितलेलं विसरत नाही, बाई. ते विचारत राहतं. उद्या तुमची सून तुमच्या मुलाला विचारेल, आणि याने तर अजून बघितलंच नाही. तो काय सांगणार?"

तेव्हा आतून आवाज आला. अगदी बारीक. "अहो, ती डोळे उघडते का?"

जयदेव माझ्याकडे बघायला लागला. मग पडद्याकडे. त्याला माहीत नव्हतं. तो उठून अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

शेजारच्या बांधकामावर खडीचं मिक्सर फिरत होतं, तेवढाच आवाज. मग बनूबाई म्हणाली, "तुमी तुमचा सांगला. आता माजा ऐका. मना पन व्हता येक. याच्या आदी. आठव्याचा." तिने मुलाकडे हात केला. "मी त्याला मांडीवर घेतला, पाजला. 'जनू' बोलायची मी त्याला. मंग गेला. मी आजून त्याला इसरले नाय. म्हनून सूनला बोलते, बगू नको. माजं झालं तसं तिचं नको."

हे मला ठाऊक नव्हतं. अंगणात उभ्या जयदेवलाही नसावं, कारण तो वळला.

माझ्याजवळचं सांगायचं सगळं संपलं होतं. तिने बघितलं होतं आणि तिचं दुःख होतंच. बकुळाने बघितलं नव्हतं, तिचंही होतं. कुणाचं कमी हे मी कोण ठरवणार? मला एकच सुचलं, ते विचारलं.

"तुम्ही जनूला बघितलाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटतं का तुम्हाला?"

एक कावळा खाली उतरला. तो बोंबील उचलून घेऊन गेला, तरी तिने काठी हलवली नाही. तिचं तोंड एकाएकी वेगळंच दिसायला लागलं, वय कमी झाल्यासारखं. तिने स्वतःच्या हनवटीला बोट लावलं.

"हितं खळगा व्हता त्याच्या," ती म्हणाली. "माज्या बापासारखा."

मग तिने डोळे पुसले, उठली आणि मुलाला म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास? रिक्षा सोडली का काय? जा, बोलव." आणि पडद्याकडे वळून, "कुंदे, कानाला फडका बांद घट्ट. वारा लागंल. आनि तो पट्टा सोड."

जाताना रिक्षात मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. मागे तिघं होती. कुंदा डोक्याला, कानाला रुमाल बांधून दोघांच्या मध्ये बसली होती. मला वाटेत भीती वाटत होती, की उशीर झाला असला तर? हे सगळं करून आणि तिथे पेटी रिकामी असली तर? मी बकुळाची आठवण काढली. काय सांगितलं असतं तिने? काही नसतं सांगितलं. ती फक्त शेजारी बसली असती.

उशीर झाला नव्हता. चांगुणा सिस्टर कुंदाला नळापाशी नेऊन तिचे हात धुवायला लागल्या. मला बकुळाचं आठवलं आणि मी ते सांगितलं, की रडायचं असेल तर हात धुवायच्या आधी रडून घे. कुंदा म्हणाली, "मला रडायला येतच नाहीये." आणि आत गेली. तिच्या मागे जयदेव गेला. त्याचा शब्द त्याच्या आईनेच परत दिला होता.

मी काचेबाहेर उभा राहिलो. कुंदाने आधी नुसतं बघितलं. मग पेटीच्या भोकातून हात घातला आणि मुलीच्या तळव्याला बोट लावलं. सिस्टरांनी टोपडं जरासं मागे सरकवून दिलं. कुंदाने सगळं बघितलं. नखं बघितली, पाठ बघितली, काखा बघितल्या, कानामागे बघितलं. बाजारातून काही आणलं की बायका उलटसुलट करून बघतात तसं. जयदेव तिच्या खांद्यावरून बघत होता, आणि ती त्याला बोटाने दाखवत होती.

बनूबाई माझ्याबरोबर बाहेर थांबली होती. मी आत जा म्हटलं नाही. ती स्वतःच उठली, नळापाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले, भांडी घासून झाल्यावर धुतात तसे.

मुलीचं नाव कुंदाने मालिनी ठेवलं. पेटीवर 'कुंदा यांचं बाळ' अशी चिठ्ठी होती, तिच्याखाली सिस्टरांनी नाव लिहिलं. कुंदाला दूध थोडंच आलं. ते नळीने देत होते. ती पुढचे दिवस तिथेच राहिली, बाकावर झोपली. मी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जायचो. बकुळासारखी खीर मला जमत नव्हती, मी इडल्या घेऊन जायचो. एकदा कुंदा म्हणाली, आज तिने डोळे उघडले, आणि जयदेव म्हणाला, माझ्याकडे बघून उघडले, आणि मग त्या दोघांचं त्यावरून भांडण झालं. बनूबाईने मध्ये पडून सांगितलं की तिने आजीकडे बघून उघडले.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा बाक रिकामा होता. सिस्टरांनी सांगितलं, पहाटे गेली. कुंदाच्या मांडीवर दिली होती.

मी काही करू शकलो असं मला वाटलं नाही. मुलगी तर वाचली नाही. बनूबाईचं म्हणणंच खरं ठरलं, आठव्याचं राहत नाही. सिस्टर म्हणाल्या, असं काही नसतं, मागच्या महिन्यात आठव्याची दोन घरी गेली. असेल. पण सोनिवलीला आता हेच सांगतील. मला तिकडे जायची लाज वाटू लागली. मीच त्या पोरीला हॉस्पिटलात नेली, माया लावली. बनूबाईने नको म्हटलं होतं, तिला ठाऊक होतं, तिने ते भोगलं होतं. मी वर्कशॉपला जात होतो, येत होतो. शुक्रवारी घरीच पडून राहिलो.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी दारात जयदेव आणि कुंदा उभे. कुंदाच्या हातात रुमालाची घडी होती. त्यात टोपडं होतं, धुतलेलं.

"हे तिच्याबरोबर द्यायचं होतं," जयदेव म्हणाला. "आई बोलली, नको, काकांच्या घरचं आहे. परत देऊन या."

मी चहा टाकला. कुंदा खाली भिंतीला टेकून बसली आणि बोलायला लागली. मुलीचंच. तिला डावीकडे मान केलेली आवडायची. दूध गेलं की ओठ हलवायची. पायाचा अंगठा लांब होता, जयदेवसारखा. मध्ये मध्ये रडत होती आणि बोलत होती, दोन्ही बरोबर. जयदेवने हे सगळं आधी ऐकलेलं होतं, ते दिसत होतं, पण तो ऐकत होता. त्याला काही सांगावं लागत नव्हतं. कुठे ती अडली तर एखादा शब्द द्यायचा. मी कपात चहा ओतताना विचार करत होतो की मला एवढी वर्षं उत्तरं द्यावी लागली. याला नुसतं ऐकावं लागेल.

"आणि तिचे कान ना," कुंदा म्हणाली, "एकदम मऊ. हाडच नव्हतं त्यात. दुमडला ना, की तसाच दुमडलेला राहायचा. मग मी हाताने सरळ करायची. सिस्टर बोलल्या, लवकर जन्मतात त्यांचे तसेच असतात सगळ्यांचे."

मी चहा खाली ठेवला.

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. पुढे हाड धरतं म्हणे." ती माझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "काका, तुमचा कसा होता?"

बकुळा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. पुन्हा कुणी विचारील असं वाटलंही नव्हतं. मी सांगितलं. मूठ मिटलेली होती. तळवे लाल होते. खांद्यावर लव होती. एवढंच बघितलं, म्हटलं, मिनिटभर बघितलं. डोक्याला कापूस होता, त्यामुळे कान मला दिसले नाहीत. त्याच्या आईला मी सांगितलं होतं की तुझ्यासारखे आहेत.



"मऊ असणार," कुंदा म्हणाली. "दुमडलेले."

"हो," मी म्हटलं. "तसेच असणार."

ते गेल्यावर मी तिचा कप धुतला. टोपडं अजून जरा ओलसर होतं, पावसात वाळलं नसेल. मी बकुळाचा स्टीलचा पेला काढला, खिडकीत उपडा घातला आणि टोपडं त्याच्यावर चढवून ठेवलं. शुक्रवारपर्यंत वाळेल.